व्रताच्या मिस्साला काय गायचं?

समजा वाशीत एका सिस्टरचं आजीवन व्रत आहे आणि गाणी तुमच्या कॉयरने निवडायची आहेत. आधी विधी समजून घ्या, प्लेलिस्ट नंतर.

१९७० च्या रोमन विधीत प्रवचन आणि प्रश्नोत्तरं झाली, की ती वेदीसमोर पालथी पडते किंवा गुडघे टेकते आणि संतांची लितानी गायली जाते. पहिल्या व्रताला हा भाग नसतो. लितानीची चाल सोपी ठेवा, अख्ख्या चर्चला जमेल अशी.

मग ती व्रत उच्चारते. तेव्हा कीबोर्डसुद्धा बंद! चार आवाजांचं अवघड गाणं कम्युनियननंतर.

आणि वसईहून आलेली तिची आई? तिला पाठ असलेलं एक तरी मराठी गाणं हवंच. लेक देतेय ती. निदान सोबत गाता तरी यावं.