तिबेटचे नामशेष खोकड : दातांचा पुरावा आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :
ध्रुवीय खोकडाचे मूळ स्थान कोठे होते, हा प्राणिविज्ञानातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. आर्क्टिक प्रदेशातील प्राणी तेथेच उत्क्रांत झाले असावेत, असे सहजपणे गृहीत धरले जाते. या गृहीतकास आव्हान देणारे एक नामशेष खोकड म्हणजे 'व्हल्पिस चिउझुडिंगी' होय. ते केवळ जीवाश्मांवरूनच ज्ञात आहे. प्रस्तुत लेखात या पुराव्याचे स्वरूप व त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

अवशेषांचे स्वरूप :
शाओमिंग वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. चिउ झुडिंग या चिनी पुराजीवशास्त्रज्ञांच्या सन्मानार्थ तिला हे नाव देण्यात आले. तिचे अवशेष पश्चिम तिबेटमधील सतलज नदीच्या वरच्या खोऱ्यातील झांडा येथे, तसेच कुनलुन पर्वतात सापडले. त्यांचा काळ सुमारे ५० ते ३६ लाख वर्षांपूर्वीचा मानला जातो. बहुतेक खोकडे मांसाबरोबरच फळे व कीटकही खातात. या जातीची खालची पहिली दाढ मात्र मांस कापण्यास अधिक अनुकूल आहे आणि या बाबतीत ती आजच्या ध्रुवीय खोकडाशी जुळते.

सिद्धांत :
सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी हिमयुग सुरू झाले. त्याआधीच तिबेटचे पठार उंच व थंड होते. तेथे थंडीला सरावलेले प्राणी पुढे थंडी पसरताच उत्तरेकडे गेले, असे वांग व त्यांचे सहकारी प्रतिपादन करतात. झांडा येथीलच लोकरी गेंड्याच्या २०११ मध्ये वर्णिलेल्या जीवाश्मांवरूनही असाच निष्कर्ष काढण्यात आला होता.

मर्यादा :
समान आहारामुळे दोन भिन्न वंशांतही सारखे दात निर्माण होऊ शकतात. त्यामुळे केवळ दातांच्या साम्यावरून वंशसंबंध सिद्ध होत नाही. शिवाय, आनुवंशिक अभ्यासानुसार ध्रुवीय खोकडाचे सर्वांत जवळचे हयात नातलग उत्तर अमेरिकेतील स्विफ्ट व किट ही खोकडे आहेत. तिबेटमधील उगमाच्या सिद्धांतास या वस्तुस्थितीचाही उलगडा करावा लागेल.

समारोप :
सारांश, व्हल्पिस चिउझुडिंगी हे ध्रुवीय खोकडाचे सिद्ध झालेले पूर्वज नसून संभाव्य आप्त आहे, असे म्हणणेच सयुक्तिक ठरते. उत्क्रांतीच्या अध्यापनात पुरावा व अनुमान यांतील हा भेद विद्यार्थ्यांसमोर स्पष्टपणे मांडण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.