उसनी ढाल

बुऱ्हाणपूरकरांना असीरगडची कथा नव्याने सांगावी लागत नाही. दक्षिणेचे द्वार म्हणविणारा हा गड १६०१ मध्ये अकबराच्या हाती आला, तो तट फोडून नव्हे. आतल्यांना द्रव्य चारून दरवाजे उघडविले गेले, असे सांगतात. एच.आय.व्ही.चा विषाणू शरीराचा गड असाच घेतो. तो थेट सेनापतीला, म्हणजे सीडी-४ या पांढऱ्या पेशीला गाठतो आणि तिच्याच यंत्रणेवर आपल्या प्रती काढून घेतो. सेनापती पडला की उरलेले सैन्य असून नसल्यासारखे. प्रौढांत या वेढ्याला बहुधा आठ-दहा वर्षे लागतात. तान्ह्या बाळाची शिबंदी मुळातच नवशिकी; उपचारांवाचून सुमारे एक-तृतीयांश बाधित बालके पहिल्या वाढदिवसापर्यंत व निम्मी दुसऱ्यापर्यंत दगावतात.

हे सारे ठाऊक असूनही २००३ मध्ये माझ्या हातून एक चूक झाली. वाचणारे व्यवसायबंधूच आहेत, म्हणून येथे लिहितो.

सीमेपलीकडच्या खेड्यातील एक तरुण विधवा आठ महिन्यांची मुलगी घेऊन आली. आई बाधित होती. बाळाची प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह आली. बाहेर गर्दी होती. "बाळालाही आहे," असे सांगून मी मोकळा झालो.

वस्तुतः ती चाचणी विषाणू शोधीतच नाही, प्रतिपिंडे शोधते. आणि आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. निसर्गाने दिलेली ही उसनी ढाल अठरा महिन्यांपर्यंत रक्तात राहू शकते. काही आठवड्यांनी एका व्याख्यानाची टिपणे काढताना हे वाक्य समोर आले आणि मी पुस्तक मिटले. दुसऱ्या दिवशी त्या खेड्यात गेलो. गोवराची लस द्यायची वेळ उलटून गेली होती. "जायचंच आहे तर कशाला टोचायचं, डाक्टरसाहेब?" ती म्हणाली. मी तिची क्षमा मागितली. अंगावरचे दूध सहाव्या महिन्यातच सुटले होते, एवढाच दिलासा. अठराव्या महिन्यात चाचणी निगेटिव्ह आली. मधले ते महिने तिने कसे काढले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

आईसाठी मात्र तेव्हा हाती फारसे नव्हते. १ एप्रिल २००४ रोजी शासनाची मोफत औषधयोजना सुरू झाली; पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होता, मध्य प्रदेश नव्हता. तिचे गाव पलीकडे होते, हे तिचे नशीब. बालकांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम नोव्हेंबर २००६ मध्ये आला. पुढे २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासाने दाखविले, की तान्हेपणीच औषधे सुरू केल्यास मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात. आज सहाव्या आठवड्यात टाचेतून घेतलेल्या, कागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबांत विषाणूचाच शोध घेता येतो. त्याच वयापासून न्यूमोनिया टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोल देतात. पाच वर्षांखालील मुलांत सीडी-४ च्या आकड्यापेक्षा टक्केवारी पाहावी, कारण बाळात हा आकडा निसर्गतःच मोठा असतो. गर्भारपणीच आईला औषधे मिळाली, तर एरवी १५ ते ४५ टक्के असणारा बाळाचा धोका पाच टक्क्यांच्याही खाली येतो.

ती आई अजून येते, नातेवाइकांची मुले दाखवायला. रोज एक गोळी घेते. मुलीचे जुने कार्ड तिने जपून ठेवले आहे. त्यावर माझ्या अक्षरातला 'पॉझिटिव्ह' हा शब्द तसाच आहे, खाली दहा महिन्यांनंतरची तारीख आणि दुसरा शब्द.