कपाट घेताना खण ओढून बघा

जुन्या फर्निचरसाठी मुंबईत जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट आणि चोरबाजारातली मटन स्ट्रीट. चोरबाजारातली दुकानं शुक्रवारी बंद. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो.

कपाट पसंत पडलं की खण पूर्ण बाहेर काढा. सागवानाच्या रेषा फळीच्या कडेवरही उतरलेल्या असतात. व्हिनियर चिकटवलेल्या प्लायच्या कडेला थर दिसतात. पायाशी बारीक भोकं आणि ताजा भुसा दिसला, तर भाव कितीही उतरो, काढता पाय घ्या. लिफ्टच्या दाराचं माप आधीच लिहून न्या; नाहीतर चौथ्या मजल्यापर्यंतच्या हमालीत सगळी घासाघीस वाया जाते.

पडद्यांचं कापड मुंबईच्या मंगलदास मार्केटातून आणून शिवून घ्यावं. रुंदी दांड्याच्या दुप्पट, म्हणजे चुण्या भरीव पडतात. भिंती रंगवायच्या असतील, तर वेगळा रंग एका भिंतीला पुरे.

दिव्याकडे मात्र कुणी बघतच नाही! 6500 केल्विनचा बल्ब बैठकीच्या खोलीचा दवाखाना करतो. 2700 ते 3000चा पिवळसर घ्या. किंमत साधारण तेवढीच, आणि आकडा खोक्यावर छापलेला असतो.