सहाराच्या वाळूखालचा जुना पाऊस

लिबियाच्या आग्नेय टोकाला असलेल्या कुफ्रा भागात वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर पाऊस पडतो. कित्येक वर्षे तर तेवढाही नाही. १९५० आणि ६०च्या दशकांत तेलाच्या शोधात आलेल्या कंपन्यांनी इथल्या वाळवंटात खोलवर विंधने घेतली आणि त्यांच्या हाती अफाट पाणी लागले, तेही पिण्याजोगे. १९७०च्या दशकात त्याच पाण्यावर कुफ्र्यात शेती उभी राहिली. मध्ये विहीर आणि तिच्याभोवती गोल फिरणारी तुषार यंत्रणा, अशी सुमारे किलोमीटरभर व्यासाची ही हिरवी वर्तुळे अंतराळवीरांनी टिपलेल्या छायाचित्रांत स्पष्ट दिसतात.

पाऊसच नाही तिथे जमिनीखाली एवढे पाणी आले कुठून?

कुफ्र्याखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या या खडकथराला, म्हणजे जलधराला, 'नुबियन वालुकाश्म जलधर' म्हणतात. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांखाली तो पसरला आहे. क्षेत्रफळ २० लाख चौरस किलोमीटरांहून अधिक, आणि साठा दीड लाख घन किलोमीटरांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. हे पाणी एखाद्या भूमिगत तळ्यासारखे साचलेले नाही. वालुकाश्माच्या कणाकणांमधल्या बारीक पोकळ्यांत ते भरलेले आहे. त्या पोकळ्यांतून ते सरकते, पण वर्षाकाठी एकदोन मीटर किंवा त्याहूनही कमी.

भूवैज्ञानिक जॉन बॉल यांनी १९२७ मध्ये इजिप्तच्या पश्चिमेकडील वाळवंटातील विहिरी आणि झऱ्यांच्या पातळ्या एकत्र करून नकाशा काढला. पाण्याची पातळी नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे उतरत जाते असे त्यात दिसले. यावरून चाडच्या डोंगराळ भागात आजही पडणारा पाऊस मुरून हळूहळू इजिप्तच्या मरूद्यानांपर्यंत पोहोचत असावा, असा तर्क मांडला गेला. उताराची दिशा त्यांनी अचूक हेरली होती. पण हा तर्क खरा असता, तर मागून नवे पाणी येत राहिले असते आणि उपशाची चिंता थोडी हलकी झाली असती. तो खरा की खोटा हे ठरवण्यासाठी पाण्याचे वय कळणे गरजेचे होते.

पाणी मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन सोबत घेऊन जाते. त्यातल्या कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहाराच्या अनेक विहिरींचे पाणी या कसोटीवर तपासले गेले. काही ठिकाणी वय काही हजार वर्षे निघाले. अनेक ठिकाणी मात्र कार्बन-१४ जवळपास संपलेलाच होता. ही पद्धत सुमारे ४० हजार वर्षांपलीकडे पाहू शकत नाही. म्हणजे पाणी त्याहून जुने, पण किती जुने ते कळेना.

उत्तर मिळाले क्रिप्टॉन-८१ मुळे. वातावरणाच्या वरच्या थरात वैश्विक किरणांच्या माऱ्याने हे अणू तयार होतात. क्रिप्टॉन निष्क्रिय वायू असल्याने खडकाशी त्याची कसलीही रासायनिक देवाणघेवाण होत नाही, आणि क्रिप्टॉन-८१ चे अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून जास्त आहे. अडचण होती ती त्याच्या दुर्मीळपणाची. हवेतल्या सुमारे एक लाख कोटी क्रिप्टॉन अणूंत तो एखादाच आढळतो. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत झेंग-तियान लू आणि सहकाऱ्यांनी लेसरच्या सापळ्यात असे अणू एकेक पकडून मोजण्याचे तंत्र १९९९ मध्ये जगापुढे मांडले. मग नील स्टर्चिओ यांच्या चमूने इजिप्तच्या मरूद्यानांतल्या विहिरींवर हजारो लिटर पाण्यातून विरघळलेला वायू वेगळा केला आणि तो मोजणीसाठी त्या प्रयोगशाळेत नेला. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाखला मरूद्यानाच्या परिसरातले पाणी सुमारे दोन लाख वर्षे जुने निघाले. ईशान्येकडे जावे तसे वय वाढत जाते आणि बहारियाजवळ ते दहा लाखांच्या आसपास पोहोचते.

या आकड्यांपाशी थोडे थांबायला हवे. आज बहारियात पंप सुरू करणाऱ्या शेतकऱ्याच्या वाफ्यात येणारे पाणी आकाशातून पडले तेव्हा आपली मानवजातच पृथ्वीवर अवतरली नव्हती.

पाणी वयाबरोबर आपले मूळही सांगते. पाण्यातला ऑक्सिजन हलक्या आणि जड अशा दोन्ही समस्थानिकांचा असतो. समुद्राकडून निघालेले ढग जमिनीवरून पुढे सरकताना जड रेणू आधी गळतात आणि दूरच्या प्रदेशाला हलका पाऊस मिळतो. सहाराखालचे जुने पाणी तिथे आज क्वचित पडणाऱ्या पावसापेक्षा स्पष्टपणे हलके आहे. अटलांटिककडून निघालेले ढग हजारो किलोमीटर बरसत इथवर येत होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. हे वाळवंट तेव्हा ओले होते.

जमिनीवर तर अशा ओल्या काळांपैकी शेवटच्या काळाचे पुरावे विखुरले आहेत. अल्जीरियातल्या तासिली नाज्जेरच्या कड्यांवर पाणघोडे, जिराफ आणि गुरांचे कळप चितारलेले आहेत. इजिप्तच्या गिल्फ कबीर पठारावर हंगेरियन शोधक लास्लो आल्माशी यांना १९३३ मध्ये एक गुहा सापडली. तिच्या भिंतीवरच्या माणसांच्या आकृत्या पोहत असल्यासारख्या दिसतात. आणि चाडचे सरोवर? आज आक्रसलेले हे सरोवर काही हजार वर्षांपूर्वी साडेतीन लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेले होते. अख्खा महाराष्ट्र त्यात बुडाला असता.

हे घडण्यामागे पृथ्वीची चाल आहे. वेग मंदावलेल्या भोवऱ्याची मान जशी डुलते, तसा पृथ्वीचा अक्ष डुलतो. त्यामुळे ती सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत येते, हे सुमारे २१ हजार वर्षांच्या चक्रात बदलत राहते. सध्या ती जानेवारीच्या सुरुवातीला जवळ येते. दहाएक हजार वर्षांपूर्वी ती उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात जवळ येत होती. त्या उन्हाळ्यात मिळणारे ऊन आजच्यापेक्षा सात-आठ टक्के प्रखर असे. जमीन जास्त तापली, समुद्रावरचे ओले वारे जास्त आत ओढले गेले आणि आफ्रिकेचा मोसमी पाऊस उत्तरेकडे सरकला. जॉन कुट्झबाख यांनी १९८१ मध्ये संगणकीय प्रारूपातून हे गणित मांडले. आपला मोसमी पाऊसही याच काळात जोरावर होता. राजस्थानातल्या डीडवाणा आणि लूणकरणसर इथल्या, आज खाऱ्या असलेल्या तळ्यांच्या गाळात त्याची नोंद मिळते.

सहाराचा शेवटचा हिरवा काळ सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी ओसरू लागला. तो एकदम संपला की टप्प्याटप्प्याने, यावर वाद आहे. मॉरिटानियाच्या किनाऱ्याबाहेरच्या समुद्रतळातील गाळात पीटर डीमेनोकल यांना वाळवंटी धुळीचे प्रमाण काही शतकांतच झपाट्याने वाढलेले आढळले. उलट स्टेफान क्रोपेलिन यांच्या चमूने उत्तर चाडमधल्या योआ सरोवरातून काढलेल्या, वर्षावर्षाचे पापुद्रे असलेल्या गाळात सहा हजार वर्षांची सलग नोंद वाचली. गवत, झुडपे, मग वाळू असा हळू होत गेलेला बदल त्यांना त्यात दिसला. पण योआला भूजलाचा आधार आहे. पाऊस थांबल्यावरही ते तग धरू शकते. शिवाय एवढ्या विशाल प्रदेशात उत्तरेकडचा भाग आधी आणि दक्षिणेकडचा नंतर सुकला, असे मानण्यास सबळ आधार आहे. त्यामुळे दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या असू शकतात.

जुन्या पाण्याचा हा इतिहास उपशाचा हिशेब बदलून टाकतो. लिबियात १९८४ मध्ये 'महान मानवनिर्मित नदी' या प्रकल्पाची पायाभरणी झाली. वाळवंटातले पाणी चार मीटर व्यासाच्या काँक्रीटच्या नळांतून १९९१ मध्ये बेनगाझीला आणि १९९६ मध्ये त्रिपोलीला पोहोचले. किनाऱ्यावरच्या विहिरींत समुद्राचे पाणी घुसू लागले होते, शहरांना दुसरा आधार जवळ नव्हता. माणसांच्या पिण्यासाठी हे पाणी काढणे समर्थनीयच आहे. सत्ता कोणाची यावरून २०११ नंतर पेटलेल्या संघर्षात सशस्त्र गटांनी त्रिपोलीचा हाच पुरवठा एकाहून अधिक वेळा तोडला, तेव्हा शहर या पाण्यावर किती अवलंबून आहे ते जगाला कळले.

गव्हाची गोष्ट वेगळी. सौदी अरेबियाने अशाच जुन्या भूजलावर इतका गहू पिकवला, की १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो निर्यातदार देशांच्या पहिल्या रांगेत जाऊन बसला. पाणी खालावत गेले. २००८ मध्ये सरकारने टप्प्याटप्प्याने माघार जाहीर केली आणि २०१६ मध्ये सरकारी खरेदीचा तो कार्यक्रम थांबला. इजिप्तच्या खारगा मरूद्यानात १९५०च्या दशकाअखेर 'नवी दरी' योजनेसाठी खोल विहिरी खोदल्या गेल्या. सुरुवातीला पाणी स्वतःच्या दाबाने उसळून वर येत असे. काही दशकांत दाब उतरला आणि पंप बसवावे लागले. ज्या पाण्याला मागून भर नाही, त्यावर निर्यातीचे धान्य काढणे ही चूकच होती, असे आज निःसंकोच म्हणता येते.

भारतातही जैसलमेर भागातल्या खोल भूजलाचे वय मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी समस्थानिकांच्या मदतीने तपासले आहे. ते काही हजार वर्षांचे निघाले. थरच्या वाळवंटात नवी विंधन विहीर घेताना खोलीबरोबर पाण्याचे वयही विचारात घ्यायला हवे.

नुबियन जलधराच्या चारही देशांनी २०१३ मध्ये व्हिएन्नामध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने एका संयुक्त कृती आराखड्यावर सह्या केल्या. सध्या पाण्याची पातळी प्रामुख्याने विहिरींच्या आसपास खचते, कारण वालुकाश्मातून दाब फार सावकाश पसरतो. पण उत्तर चाडमधल्या उनियांगा भागातली, योआसह १८ तळी याच जलधरावर जगतात. २०१२ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत. तिथे पाऊस जवळपास नाहीच, आणि योआमधून दरवर्षी सुमारे सहा मीटर पाणी बाष्प होऊन उडते. ती तूट जमिनीखालूनच भरून निघते. चाडला उद्या आपल्या बाजूला विहिरी खोदायच्या झाल्या, तर उनियांगाभोवती भूजलाची कोणती पातळी राखायची, हा आकडा चार देशांनी आधीच ठरवून ठेवायला हवा.