कोड वाचला, पुढे काय?

कौशल्याच्या वाटा : भाग सहावा

पेट्रोलची गाडी सिग्नलवर थांबली की थरथरते, चढाला पिकअप देत नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजच्या भाषेत गाडी 'मिसिंग' करते. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की पडद्यावर उमटते : पी ०३०१. यातला 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा विभाग. पुढचे शून्य सांगते की हा कोड सगळ्या कंपन्यांना समान आहे. तीन हा आकडा इग्निशन आणि मिसफायरच्या गटाचा आणि शेवटचे ०१ म्हणजे पहिला सिलिंडर. येथवरचे काम यंत्राने केले. पहिल्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नाही, एवढेच त्याला कळते. का जळत नाही, हे माणसाने शोधायचे असते.

इथे दोन प्रकारचे मेकॅनिक दिसतात. एक जण लगेच नवा प्लग मागवतो. फरक पडला नाही की इग्निशन कॉइल बदलतो, मग इंजेक्टर. बिल वाढत जाते आणि गाडी चार दिवसांनी पुन्हा दारात उभी राहते. दुसरा मेकॅनिक काहीच मागवत नाही. तो पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करतो, कोड पुसतो आणि गाडी फिरवून आणतो. आता ०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. पुन्हा ०३०१ च आला तर कॉइल निर्दोष सुटली. मग हीच अदलाबदल प्लगची, नंतर इंजेक्टरची. तिथेही काही सापडले नाही तर प्लगच्या जागी गेज बसवून कॉम्प्रेशन मोजायचे, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगा गळतात का ते समजते. एवढे होईपर्यंत गिऱ्हाइकाचा एकही रुपया सुट्या भागांवर गेलेला नसतो.

या दोघांच्या हातातले पाने सारखेच असतात, स्कॅनरही सारखा असू शकतो. तरी दहा वर्षांनी त्यांच्या पगारात आणि प्रतिष्ठेत मोठे अंतर पडते, आणि ते पडते निदानामुळे. म्हणून या भागात तपासायचे ते हे, की वाहनदुरुस्ती शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना आपल्याकडच्या कोणत्या वाटेवर हे निदान शिकायला मिळते.

निदानाला एवढे महत्त्व आले ते गेल्या काही वर्षांत. कार्बोरेटरच्या काळात चांगला मिस्त्री कानाने गाडी ओळखत असे. स्क्रू ड्रायव्हरने हवा आणि पेट्रोलचा मेळ बसवायचा, आवाज ऐकायचा, सायलेन्सरचा धूर बघायचा. ती विद्या खरी होती आणि ती कमवायला वर्षे लागत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. बीएस-४ वरून, मधला टप्पा वगळून, थेट तिथे उडी मारली गेली. रस्त्यावरच्या साध्या मोटरसायकललाही फ्युएल इंजेक्शन आले, सेन्सर आले, ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक आला. डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर बसला. तो फिल्टर अधूनमधून स्वतःला सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून साचलेली काजळी जाळतो. शहरात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली तर त्याला तेवढे तापायला वेळ मिळत नाही आणि दिवा लागतो. अशा वेळी मालकाला महामार्गावर काही वेळ सलग गाडी चालवायला सांगणे, हा पुष्कळदा पहिला योग्य उपाय असतो. हे ज्याला माहीत नाही, तो फिल्टर कापून टाकण्याचा सल्ला देतो. तो सल्ला बेकायदा आहे आणि आपल्या सगळ्यांच्या फुप्फुसांना घातकही.

शिकण्याची सगळ्यात जुनी वाट गॅरेजची. उस्तादाच्या हाताखाली पोऱ्या म्हणून लागायचे, आधी पाने ओळखायचे, पार्ट रॉकेलने धुवायचे, मग चाक खोलायचे, मग ब्रेक, मग क्लच. महाराष्ट्रातल्या कितीतरी नामांकित कारागिरांनी याच वाटेने हात घडवला. या शाळेत जे मिळते ते कुठल्याही वर्गात मिळत नाही : सगळ्या कंपन्यांच्या, सगळ्या वयांच्या गाड्या, गंजलेला बोल्ट न तोडता काढण्याचे कसब, आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग घ्यायला गेल्यावर अस्सल कुठला आणि बनावट कुठला, हे डोळ्याने ओळखायलाही मुलगा तिथेच शिकतो.

पण ही वाट विजेपाशी अडते. उस्तादाला जे कोणी शिकवले नाही, ते तो पुढे कसे देणार? शिवाय पुष्कळ मुले फार लवकर या वाटेला लागली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे हा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्यात मुलाचे सरळ नुकसान आहे. सातवीत शाळा सुटली की दशांश अपूर्णांक सुटतात, सूत्रे सुटतात, आणि मग मल्टिमीटरवरचे आकडे आयुष्यभर परके राहतात. कारागीर म्हणून त्या मुलाची वाढ तिथेच खुंटते.

दुसरी वाट आयटीआयची. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा ट्रेड दोन वर्षांचा, दहावीनंतरचा. 'मेकॅनिक डिझेल' एक वर्षाचा. त्याशिवाय दुचाकी-तीनचाकी दुरुस्ती, बॉडी रिपेअर, पेंटिंग असे ट्रेड ठिकठिकाणी आहेत आणि आता 'मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल'ही आला आहे. शेवटी देशपातळीवरची परीक्षा होते आणि मिळणारे प्रमाणपत्र भारतभर चालते. बऱ्याच पालकांना माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, आणि डिप्लोमानंतर पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षाला. 'आयटीआय केले म्हणजे शिक्षण संपले' हा समज चुकीचा आहे आणि त्या समजामुळे अनेक हुशार मुले या वाटेकडे फिरकत नाहीत.

आयटीआयचे बळ आहे ते पायाभूत शिक्षणात. ओहमचा नियम तिथे फळ्यावर शिकवला जातो. नोकरीत तो कसा उपयोगी पडतो त्याचे एक उदाहरण. आजच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांचे छोटे संगणक दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. 'कॅन' नावाची ही पद्धत बॉश कंपनीने १९८० च्या दशकात विकसित केली. त्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. दोन्ही समांतर जोडलेले, म्हणून बॅटरी काढून मीटर लावला की ६० च्या आसपास आकडा आला पाहिजे. १२० आला तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. समांतर जोडणीचे गणित ज्याला कळले, तो साध्या मीटरने काही मिनिटांत अशा बिघाडाचा माग काढतो जो शोधताना दुसरा कारागीर सगळे डॅशबोर्ड उचकटून ठेवतो.

आयटीआयचे दुबळेपण तिथल्या शेडमध्ये दिसते. काही संस्थांत उद्योगांच्या मदतीने नवी इंजिने आणि स्कॅनर आले आहेत. काही ठिकाणी मात्र कापून रंगवलेले जुने इंजिन दाखवण्यापुरते उभे असते आणि मुले त्याचे भाग पाठ करतात. चालू इंजिनात मुद्दाम दोष घालायचा आणि मुलाने तो शोधायचा, हा सराव आठवड्यातून एकदा जरी झाला तरी दोन वर्षांत मुलगा वेगळाच तयार होतो. अभ्यासक्रमात दोष शोधण्याचे प्रात्यक्षिक आहे. ते किती मनापासून होते, हे त्या त्या निदेशकावर अवलंबून राहते, आणि रिकाम्या पदांमुळे एकाच निदेशकावर दोन-दोन तुकड्या आल्या की पहिला बळी याच सरावाचा जातो.

म्हणूनच आयटीआयनंतरची शिकाऊ उमेदवारी टाळू नये. १९६१ च्या कायद्याने तिचा पाया घातला आणि २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा काही भाग उचलते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. उमेदवारी संपल्यावर नोकरीची हमी हा कायदा देत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक आस्थापना आपले धोरण आपण ठरवते. हे आधीच माहीत असलेले बरे, कारण दरवर्षी अनेक तरुण 'वर्षभर राबलो आणि घरी पाठवले' असे म्हणत कडवट होतात.

उमेदवारीसाठी मराठी मुलांची ओळखीची जागा म्हणजे एसटी. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, शिवाय विभागीय कार्यशाळा आणि आगारे. एअर ब्रेक, गिअरबॉक्स, डिफरन्शियल अशी जड कामे जितकी तिथे हातात येतात तितकी चारचाकीच्या शोरूममध्ये येणार नाहीत. मात्र इथेही चित्र पालटते आहे. १ जून २०२२ रोजी 'शिवाई' ही एसटीची विजेवरची बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, १ जून १९४८ ला ज्या मार्गावर पहिली एसटी धावली होती त्याच मार्गावर. परंतु विजेवरच्या बस मोठ्या प्रमाणात भाडेतत्त्वावर येतात आणि त्यांची देखभाल पुरवठादार कंपनीची माणसे करतात. सार्वजनिक कार्यशाळेतला मेकॅनिक त्या तंत्रापासून लांब राहतो. करार करतानाच सरकारी कार्यशाळेतल्या कामगारांच्या आणि उमेदवारांच्या प्रशिक्षणाची अट घातली पाहिजे. नाहीतर पुढच्या पिढीच्या बस दुरुस्त करायला या कार्यशाळांत कोणी उरणार नाही.

तिसरी वाट कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरची. मुलगा शिकाऊ म्हणून लागतो, वॉशिंग आणि पीडीआय, म्हणजे नवी गाडी ग्राहकाला देण्याआधीची तपासणी, करतो, मग ऑइल-फिल्टरची ठरलेली सर्व्हिस, मग टेक्निशियन, सीनियर, आणि शेवटी निदान करणारा मास्टर टेक्निशियन. तिथून फ्लोअर सुपरवायझर, सर्व्हिस अॅडव्हायझर, वर्क्स मॅनेजर अशी शिडी आहे. काही जण कंपनीचे प्रशिक्षक होतात. कंपन्यांची प्रशिक्षण केंद्रे चांगली असतात. टोयोटाने कर्नाटकात बिडदीला २००७ मध्ये निवासी संस्था सुरू केली आणि ग्रामीण भागातल्या मुलांना तीन वर्षे शिकवले. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम चालवला गेला. शाळा आणि उद्योग एका छताखाली आले की काय होते, हे अशा ठिकाणी कळते.

सर्व्हिस सेंटरमध्ये अडचण आहे ती पैशाच्या हिशेबाची. प्रत्येक कामाला कंपनीने ठरवलेला वेळ असतो आणि इन्सेंटिव्ह त्या वेळेवर मोजला जातो. ब्रेक पॅड बदलले, वेळ मिळाला. तासभर मीटर घेऊन वायरिंगमध्ये तुटलेली तार शोधली, तर जॉब कार्डावर त्या तासाला पुष्कळदा रकानाच नसतो. आपण गाडीमालकही याला जबाबदार आहोत. नवा पार्ट दिसला की आपण पैसे देतो, 'नुसते बघायचे' पैसे मागितले की भांडतो. परिणामी हुशार टेक्निशियनलाही शोधण्यापेक्षा बदलणे परवडते. डॉक्टरला तपासणीची फी देताना आपण किती औषधे दिली ते मोजत नाही. गाडीच्या बाबतीत हीच सवय लागली तर मालकाचे एकूण बिल कमी होईल आणि चांगल्या कारागिराला त्याच्या डोक्याचे पैसे मिळतील.

विजेवरच्या गाड्यांनी निदानाचे मोल आणखी वाढवले आहे. तिथे इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही; नेहमीच्या सर्व्हिसचे काम घटते. उरते ते सस्पेन्शन, ब्रेक, कूलंट, टायर आणि ३०० व्होल्टच्या वरची बॅटरी. उच्च दाबाच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी काय करायचे याचा क्रम ठरलेला आहे : सर्व्हिस प्लग काढा, तो दुसरे कोणी परत लावू नये म्हणून कुलपात ठेवा, कपॅसिटर रिकामे व्हायला कंपनीने सांगितली तितकी मिनिटे थांबा, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून मीटरने शून्य व्होल्टेजची खात्री करा, मगच पाना उचला. चुकून शिकण्याची गॅरेजातली जुनी मुभा इथे नाही, कारण पहिलीच चूक जीव घेऊ शकते. या कामासाठी रीतसर प्रशिक्षण घेतलेलाच माणूस हवा.

जर्मनीत हा बदल फार आधी ओळखला गेला. २००३ मध्ये तिथे वाहनांचा मेकॅनिक आणि वाहनांचा इलेक्ट्रिशियन हे दोन वेगळे व्यवसाय एकत्र करून साडेतीन वर्षांचा एकच व्यवसाय तयार झाला. आठवड्यातले काही दिवस वर्कशॉपमध्ये, उरलेले शाळेत. स्वतःचे गॅरेज काढायचे तर साधारणपणे त्यापुढची 'माइस्टर' परीक्षा लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हा अनेक तरुणांच्या आशा उंचावल्या. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की करार काहीही असो, तिथे जर्मन भाषा आणि निदान या दोन गोष्टींवाचून दार उघडत नाही.

आणि ज्यांनी वीस वर्षे गॅरेजमध्ये काढली, हात सोन्याचा आहे पण कागद नाही, त्यांचे काय? पूर्वज्ञानाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सरकारी सोय आहे. ती चांगली आहे, पण नुसता कागद हातात ठेवून थांबणे पुरेसे नाही. अशा कारागिरांसाठी संध्याकाळचे वर्ग हवेत : मीटर, वायरिंगचा नकाशा वाचणे, सेन्सर, स्कॅनर, मराठीतून. जिल्ह्याच्या आयटीआयची शेड संध्याकाळी मोकळी असते. स्थानिक गॅरेज संघटनांनी प्राचार्यांकडे जाऊन ही मागणी करावी.

ज्यांच्या घरात दहावीचा मुलगा किंवा मुलगी या वाटेचा विचार करते आहे, त्यांनी ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी एक सकाळ काढून त्या आयटीआयच्या शेडमध्ये जाऊन यावे. फ्युएल इंजेक्शनचे चालू इंजिन आहे का, स्कॅनर मुलांच्या हातात दिला जातो का, आणि मागच्या तुकडीतली मुले उमेदवारीला कुठे गेली, एवढे तीन प्रश्न निदेशकांना विचारावेत. चांगल्या निदेशकाला असे प्रश्न विचारणारे पालक हवेच असतात.