घडीचा चाकू कसा निवडायचा? आधी काम बघा, मग चाकू

नवीन दुकान किंवा छोटा उद्योग सुरू करताना आपण काउंटर, रॅक, वजनकाटा, बिलिंग मशीन अशी भलीमोठी यादी करतो. चाकू त्या यादीत सहसा नसतो. "घरून आणू एखादा" म्हणून विषय संपतो. पण पहिला माल टेम्पोतून उतरतो, तेव्हा सगळ्यात आधी शोधाशोध होते ती चाकूचीच.

यात काय एवढं, असं वाटत असेल तर एक साधा हिशोब करू. समजा तुमचं कपड्यांचं दुकान आहे. शर्टाची खरेदी 400 रुपये, विक्री 500. खोकं उघडताना पातं खोल गेलं आणि वरचा एक शर्ट फाटला. 400 रुपये गेले. ते भरून काढायला आणखी चार शर्ट विकावे लागतील, आणि भाडं, वीजबिल तर आपण अजून धरलेलंच नाही. शर्टाऐवजी कामावरच्या मुलाचं बोट कापलं, तर तो हिशोब पैशात मांडताच येत नाही.

म्हणून आज रोजच्या कामासाठी पारंपरिक घडीचा चाकू कसा निवडायचा ते नीट समजून घेऊ.

आधी ठरवा: घडीचा चाकू हवाच आहे का?

दिवसभर फक्त खोक्यांवरची टेप कापायची असेल तर घडीचा चाकू घेऊ नका. साधा कटर घ्या. पातं बोथट झालं की पुढचा तुकडा मोडायचा, नवी धार तयार. ही कल्पना जपानमध्ये 1956 साली निघाली आणि आजही टेपसाठी तिला तोड नाही.

घडीचा चाकू लागतो तो मिसळ कामाला. सकाळी सुतळी, मग नायलॉनची दोरी, पोत्याची शिवण, प्लास्टिकची पॅकिंग पट्टी, पेन्सिलीला टोक, दुपारी डब्यातला कांदा किंवा पेरू. कटरचं पातळ पातं जाड दोरीवर वाकतं किंवा मोडून उडतं. शिवाय घडीच्या चाकूचं पातं मुठीत बंद होत असल्यामुळे म्यान लागत नाही.

तेव्हा एक दिवस कागद घ्या आणि दिवसभरात काय काय कापलं ते लिहून काढा. ही यादीच तुमचा चाकू निवडेल.

तीन प्रकार, तीन स्वभाव

पारंपरिक घडीचे चाकू उघडे कसे राहतात, यावरून त्यांचे तीन गट पडतात. दुकानात गेल्यावर धारेच्या आधी हे बघा.

*1. नुसत्या घर्षणावर चालणारे.* यात स्प्रिंग नसते, खटकाही नसतो. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी याच प्रकारचा. पात्याला मागे एक छोटी शेपटी असते. कापताना ती अंगठ्याने मुठीवर दाबून धरायची, म्हणजे पातं मिटत नाही. बिघडण्यासारखं यात काही नसतं. पण अंगठा हलला तर पातं हलणार. सवय असलेल्या एकाच माणसाने वापरायचा हा चाकू आहे.

*2. पाठीत स्प्रिंग असलेले.* पातं उघडताना आणि मिटताना "टक्" आवाज येतो. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचे लाल मुठीचे छोटे चाकू बहुतेकांनी पाहिले असतील. या कंपनीने 1891 साली स्विस सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठीचा चाकू काढला. स्प्रिंग पातं धरून ठेवते, पण कुलूप लावत नाही. पात्याच्या पाठीवर दाब आला किंवा टोक कशात अडकलं, की ते मिटून बोटांवर येऊ शकतं. हलक्या कामाला हे चाकू उत्तम, पण टोक खुपसून काम करू नका.

*3. कुलूप असलेले.* पातं उघडल्यावर काहीतरी आडवं येऊन त्याला अडवतं. फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल हे याचं सगळ्यात सोपं उदाहरण. जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये तो बनवला आणि 1897 पासून तो 1 ते 12 अशा नंबरांच्या मापांत मिळू लागला. 1955 मध्ये त्याच्या मानेवर फिरणारी लोखंडी कडी आली. पातं उघडायचं, कडी फिरवायची, पातं पक्कं! 2000 नंतर ही कडी मिटलेलं पातंही अडवते, म्हणजे खिशात ते आपोआप उघडत नाही.

दुकानात एकच चाकू दोन-तीन जण वापरणार असतील तर कुलूपवालाच घ्या. प्रत्येकाच्या हाताची सवय वेगळी असते, आणि कुलूप त्या फरकाची काळजी घेतं. मात्र कडी फिरवायची शिस्त सगळ्यांना पहिल्याच दिवशी शिकवा.

पातं किती लांब?

आपल्याकडे "मोठं ते चांगलं" असं वाटतं. इथे उलटं आहे. खोक्याच्या पुठ्ठ्याची जाडी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असते. मग लांब पात्याचा उरलेला भाग कशात जातो? आतल्या मालात! साधारण 7 ते 8.5 सेंटिमीटर पातं रोजच्या कामाला पुरतं. ओपिनेलचा सगळ्यात ओळखीचा नंबर 8 आहे, त्याचं पातं 8.5 सेंटिमीटरचं.

टोकाचा आकारही बघा. खोकी आणि पोती जास्त असतील तर सरळ धारेचं आणि पाठ खाली उतरून बोथट टोक झालेलं पातं घ्या. ते आत घुसत नाही. फळं, भाजी किंवा बारीक काम असेल तर निमुळतं टोक सोयीचं.

कार्बन स्टील की स्टेनलेस?

कार्बन स्टीलला धार पटकन लागते आणि छान लागते. पण ते गंजतं. लिंबू, कांदा, टोमॅटो कापला की काळपट डाग पडतात. डाग म्हणजे बिघाड नाही, पण लाल गंज दिसला तर लगेच काढायचा. स्टेनलेसला देखभाल कमी लागते.

माझा सरळ सल्ला: तुम्ही कोकणात किंवा मुंबईत असाल, मासळी, फळं, फुलं असा ओला धंदा असेल, तर स्टेनलेस. कोरड्या हवेत सुतळी आणि पुठ्ठा कापायचा असेल आणि धार लावायची आवड असेल, तर कार्बन.

लाकडी मूठ हाताला छान बसते, पण पावसाळ्यात ती फुगते आणि पातं आत घट्ट बसून बाहेर येत नाही. अशा वेळी नखाने ओढू नका, नख तुटेल. ओपिनेलवाल्यांची जुनी युक्ती वापरा: कडी मोकळी करा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच ठोका. पातं थोडं वर येतं, मग उघडा.

दुकानात दोन मिनिटांची तपासणी

- पातं मिटवा. टोक मुठीत पूर्ण लपलं पाहिजे. बाहेर डोकावत असेल तर खिसाही फाटेल आणि बोटही.
- उघडून पातं डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखड वाटली तर परत ठेवा.
- कुलूप लावा, टेबलाच्या कडेवर पात्याची पाठ हलकी दाबा. बोटं मिटण्याच्या वाटेत ठेवू नका. कुलूप सरकलं तर चाकू नापास.
- नखाची खाच तुमच्या हाताला सोयीची आहे का? डावखुऱ्यांनी हे नक्की बघा.
- मूठ घट्ट धरा. कडा टोचत असतील तर दहा मिनिटांत हात दुखेल.

बटण दाबलं की फटकन उघडणारा चाकू मात्र दुकानासाठी घेऊ नका. हिंदी सिनेमाने रामपुरीची जी ओळख करून दिली आहे, ती गिऱ्हाइकाच्या डोक्यातही आहे. काउंटरवर असा चाकू निघाला की समोरचा माणूस एक पाऊल मागे जातो.

कायद्याचं भान ठेवा

शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूंना शस्त्राच्या वर्गात धरलं आहे. घरगुती, शेती, औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपला 8 सेंटिमीटरचा चाकू त्या मापाच्या जवळपासही नाही. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक जागी चाकू बाळगायलाही बंदी येऊ शकते. विमानात हातातल्या बॅगेत तर तो चालतच नाही. सोपा नियम: कामाचा चाकू कामाच्या जागी. दुकान बंद करताना तो ड्रॉवरमध्ये ठेवायचा.

किंमत महिन्यावर काढा

समजा 150 रुपयांचा चाकू तीन महिन्यांत ढिला होतो. महिन्याला 50 रुपये. 1,500 रुपयांचा चाकू पाच वर्षं टिकला तर महिन्याला 25. म्हणजे महाग वाटणारा चाकू निम्म्या खर्चात पडला. पण यात एक अट आहे: तो हरवता कामा नये! म्हणून त्याला लाल दोरी बांधा आणि एक ठरलेली जागा द्या. तुमच्याकडे वस्तू हमखास हरवत असतील तर आज स्वस्तातलाच, पण तपासणीत पास झालेला चाकू घ्या. मशीन असो वा गाडी, मोठी खरेदी करतानाही हाच हिशोब वापरायचा आहे.

आणि धार? बोथट चाकू जास्त धोकादायक, कारण जोर लावावा लागतो आणि जोरात हात सटकतो. धारेच्या दगडावर साधारण 20 अंशांच्या कोनात दोन्ही बाजू सारख्या घासा. दगड नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करा, तळाची खरखरीत कडा तात्पुरतं काम भागवते. कागद सरळ कापला गेला की धार झाली. मग पातं पुसा आणि सांध्यात मशीन तेलाचा एक थेंब सोडा.

शेवटचं एक सांगतो. चाकूने स्क्रू फिरवू नका, डबा उचकटू नका, आणि दुसऱ्याच्या हातात देताना नेहमी मिटूनच द्या. हे तीन नियम एका कागदावर लिहून माल उतरवायच्या जागी चिकटवा. तुमच्या दिवसभराच्या कापाकापीची यादी कमेंटमध्ये टाका, कुठला चाकू बसेल ते आपण मिळून ठरवू. भेटू पुढच्या भागात!