पिनबॉलचे शोभेचे दिवे आणि प्रकाशसंवेदकाची जुळणी

पिनबॉलच्या यंत्रात काचेखालच्या उतरत्या फळीवरून पोलादी गोळी धावत असते आणि फळीत बसवलेल्या रंगीत चकत्यांखालचे दिवे खेळाच्या स्थितीनुसार लागत-विझत असतात. शिकागोत घडलेल्या या यंत्रांचे हौशी संग्राहक त्यांत स्वतःच्या आवडीचे शोभेचे दिवेही बसवतात. हे दिवे मूळ दिव्याबरोबरच लागावेत, पण मूळ विद्युतमंडलाला हात लागू नये, अशी त्यांची अपेक्षा असते, आणि मूळ बल्बशेजारी चिकटवलेला प्रकाशसंवेदक ती पुरी करतो.

ही सावधगिरी अनाठायी नाही. १९८० आणि १९९०च्या दशकांतील अनेक यंत्रांत ६४ दिव्यांची आठ स्तंभ व आठ ओळींची जाळी असते आणि प्रत्येक स्तंभाला एकूण वेळेच्या फक्त एक अष्टमांश वेळ वीज मिळते. ही तूट भरून काढण्यासाठी ६.३ व्होल्टच्या बल्बला सुमारे १८ व्होल्टचे क्षणिक झटके दिले जातात. त्याच तारांवर जास्तीचा भार टाकल्यास दिवे चालवणारे ट्रान्झिस्टर तापून निकामी होऊ शकतात.

संवेदक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. प्रकाश पडताच ज्याचा विद्युतरोध घटतो असा कॅडमियम सल्फाइडचा संवेदक मंद असतो. त्याला प्रतिसाद द्यायला दहांच्या पटीत मिलिसेकंद लागतात, त्यामुळे वर सांगितलेले झटके त्याच्यापुरते सपाट होतात. सिलिकॉनचा फोटोट्रान्झिस्टर मात्र इतका चपळ असतो की तो प्रत्येक झटका टिपतो, आणि शोभेचा दिवा थरथरू लागतो. दोघांची दृष्टीही वेगळी असते. पहिला मानवी डोळ्याप्रमाणे हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो, तर दुसरा ८५० ते ९०० नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांना. तापलेल्या तंतूचा बल्ब अवरक्त किरण मुबलक फेकतो आणि दृश्य प्रकाशाचा एलईडी जवळजवळ फेकतच नाही; म्हणून बल्बच्या जागी एलईडी लावला की डोळ्यांना प्रकाश वाढलेला दिसत असूनही फोटोट्रान्झिस्टरला तो घटलेला वाटतो. बिघाड समजून बदलले जाणारे कितीतरी संवेदक प्रत्यक्षात धडधाकट असावेत.

संवेदकाकडून येणारे व्होल्टेज एका ठरावीक पातळीशी ताडून पाहणारे मंडल दिवा लावायचा की नाही हे ठरवते, आणि ही पातळी, म्हणजेच उंबरठा, मंडलावरच्या चिमुकल्या स्क्रूने वरखाली करता येते. येणारा प्रकाश नेमका उंबरठ्यावर रेंगाळला तर दिवा लुकलुकतो. म्हणून लागण्याची पातळी विझण्याच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवतात. मज्जातंतूंतील संदेशवहनाचा अभ्यास करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ ऑटो श्मिट यांनी अशी दुहेरी पातळीची रचना १९३८मध्ये प्रसिद्ध केली होती.

सर्वांत फसवा दोष वेगळाच आहे. शोभेच्या दिव्याचा उजेड उलटून संवेदकावर पडला, तर मूळ दिवा विझल्यावरही तो स्वतःच्याच प्रकाशावर जळत राहतो, आणि स्क्रू कितीही फिरवला तरी हा दोष खात्रीने जात नाही. त्यासाठी संवेदकावर काळी नळी चढवून तिचे तोंड फक्त मूळ दिव्याकडे वळवावे लागते. त्यानंतर मूळ दिवा बंद ठेवून खोलीतला आणि शेजारच्या दिव्यांचा सगळा उजेड चालू करावा, उंबरठा त्याच्या वर पण मूळ दिव्याच्या प्रकाशाच्या बराच खाली ठेवावा. एलईडी लावायचे असतील तर ते आधी लावून घ्यावेत आणि मगच स्क्रूला हात घालावा.